तीन ते साडेतीन

"अहो, बसल्या बसल्या तुमची छाती शिलाई मशीनसारखी काय चाललीये?" बायको म्हणाली. मोजलं तर एकशे अठरा. मला काहीच जाणवत नव्हतं.

रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले आले. मग परवा डॉक्टरबाईंनी छातीवर पाच स्टिकर लावले आणि त्यांना तारांनी जोडलेलं, ठोके टिपणारं यंत्र चोवीस तासांसाठी कमरेला अडकवलं. "काही झालं तरी काढायचं नाही," असं बजावलं.

काल दुपारी दुकानात स्टिकरखाली फार खाजायला लागलं. मी ते तारा-यंत्रासकट काढले. कुठला कुठे होता ते विसरू नये, म्हणून शिंप्याच्या सवयीने कापडी पुतळ्याच्या छातीवर त्याच जागी लावून ठेवले. अर्ध्या तासाने परत स्वतःला लावले. कुणाला बोललो नाही.

आज डॉक्टरबाईंनी आलेख दाखवला.

"विनाकारण धडधड, असंच म्हणायचं या दुखण्याला. गोळी सुरू करू या. पण हे बघा, काल तीन ते साडेतीन. बहात्तर, अगदी एका लयीत. काय करत होता तेव्हा? तेच करत जा!"

त्या हसल्या. मीही हसलो.

दुकानात आलो. पुतळ्याच्या अंगावर अर्धवट टाचलेला कोट होता. टाचण्या ओठांत धरल्या, त्यातली एक काढून पुतळ्याच्या छातीपाशी नेली, आणि हात तिथेच थांबला.

वीस वर्षं मी त्याच छातीत टाचण्या खुपसत आलोय.