स्टील गिटारवरची सही

बेकर्सफील्डच्या जत्रेत कंट्री-रॉक बँडच्या पन्नाशीचा सत्कार आटोपला, तशी एक पोरगी आपली स्टील गिटार घेऊन बँडच्या स्टील गिटारवादकापुढे, वेंडेलपुढे, उभी राहिली. "काका, तुमच्या पहिल्या रेकॉर्डवरून मी शिकले. सुई मागे नेऊन नेऊन आईचं डोकं उठवलं. तो हुंदक्यासारखा सूर निघतो, तिथे कुठलं पेडल दाबता?" वेंडेलने शेजारी उभ्या गायकाकडे पाहिलं. "तो सांगायचा नाही, पोरी. मलाही कधी सांगितलं नाही," बँडच्या गायकाने घाईने सावरून घेतलं. खरं तर त्या रेकॉर्डच्या वेळी स्टुडिओत वेंडेलला तो तुकडा जमेना, म्हणून भाडोत्री वादक बोलावला होता. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव वेंडेलचंच छापलं, आणि पन्नास वर्षं त्याने टाळ्या घेतल्या. "निदान सही तरी द्या," पोरीने गिटारवर बोट ठेवलं. वेंडेलने सावकाश लिहिलं. "ऑरिन पिकेट?" पोरीने वाचलं. "हे कोण?" "तू ज्यांच्याकडून शिकलीस ते," तो खालमानेने म्हणाला.