नुसता टेकू

“जावईबापू, झोपलात का?” वॉकीटॉकीतून सासऱ्यांचा आवाज खरखरला.

“नाही मामा.” जावयाने बटण सोडलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

काचेसमोर फक्त ट्रान्सफॉर्मर होता. घराएवढा, राखाडी, साखळ्यांनी ट्रेलरला जखडलेला. पलीकडून सासऱ्यांचा ट्रक तो ट्रेलर ओढत होता. अलीकडून याचा ट्रक, जाड लोखंडी दांड्याने जोडलेला, मागून रेटत होता. पुढचा रस्ता त्याला दिसतच नव्हता. सासरे सांगतील तसा पाय दाबायचा, एवढंच काम.

मागच्या गाडीवर तो आज पहिल्यांदाच बसला होता. आधीचा ड्रायव्हर काम सोडताना म्हणाला होता, “मागची गाडी म्हणजे उशी. ओझं उलटं आलं, की आधी आपला चेंदामेंदा.” तेव्हा तो हसला होता.

निघताना सासऱ्यांनी बजावलं होतं, “ओढणारा मी आहे. तुम्ही नुसता टेकू द्यायचा. फक्त चढावर थांबायचं नाही. हे धूड एकदा थांबलं, तर ब्रेकचं ऐकणार नाही.”

जड वाहनांसाठी चढावर काढलेल्या कडेच्या लेनमधून ते माणसाच्या चालीने चढत होते. शेजारून मोटारी सुसाट जात होत्या. एका मोटारीतल्या बाईने नाकाला रुमाल लावला. मग त्यालाही जळकट वास आला.

“मामा, काहीतरी जळतंय.”

खरखरीत आधी सासऱ्यांचा खोकला ऐकू आला.

“चढ आहे, गाड्या तापणारच. जरा जोर लावा.”

त्याने पाय दाबला. ट्रक थरथरला.

“अजून.”

“काटा तांबड्यावर गेलाय, मामा.”

“जाऊ द्या. लेक म्हणाली होती, नवरा भित्रा आहे. मला वाटलं, चेष्टा करतेय.”

एवढ्या भीतीतही त्याला राग आला. त्याने पाय तळापर्यंत रेटला. दांडा करकरला. ट्रान्सफॉर्मर वीतभर अंगावर आल्यासारखा वाटला आणि त्याचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. उडी मारली तर वाचू. तेवढ्यात आरशात बस दिसली. याच लेनमध्ये, त्याच्या मागोमाग, माणसांनी भरलेली.

त्याने हात काढून घेतला.

“मामा, मला नाही जमणार. उतरू द्या मला.”

“उतरा की. माथ्यावर.” सासऱ्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला. “मी आहे ना पुढे? मग कसली भीती? बाळाचं नाव ठरलं का?”

“नाही अजून.”

“मग ठरवा. मुलाचं एक, मुलीचं एक. माथा येईस्तोवर.”

कडेची लेन संपली. मोटारींच्या लेनमध्ये घुसावं लागलं तसा मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. त्याला एकही नाव सुचेना. मग अचानक इंजिनाचं कण्हणं हलकं झालं. ट्रान्सफॉर्मर सरळ झाला, त्याच्या वर आभाळ दिसलं.

“झालं. कडेला थांबतोय. लावा ब्रेक.”

तो उतरला. सासरे ट्रेलरच्या कडेने चालत येत होते. त्यांचा शर्ट ओलाचिंब होता.

“माफ करा मामा,” तो ओशाळून हसला. “ओढलंत तुम्ही आणि रडलो मी. आता गाडी जरा पुढे घ्या, म्हणजे दांडा मोकळा करतो.”

सासरे कठड्यावर मटकन बसले.

“कशाने घेऊ?” ते म्हणाले. “माझा क्लच अर्ध्या चढावरच जळाला.”