खडखड

आमच्या ह्यांनी हौसेने जुनी डिझेल गाडी घेतली आणि गॅरेजचं दार धरलं. टर्बो गेला, बदलला. इंजेक्टर गळले, बदलले. राहिली ती फक्त इंजिनाची खडखड. गाडी कोपऱ्यावर वळली की घरात ऐकू यायची. मग लेक टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचा, डायबिटीसवाल्या सासूबाई साखरेचा डबा जागेवर ठेवायच्या आणि मी बहिणीचा फोन कट करून कणीक मळायला घ्यायची. हे आत येईपर्यंत घर कसं शहाण्यासारखं!

पण शेजारणीने टोमणा मारला, तेव्हा मात्र मी स्वतःच गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. "भाऊ, एवढं सगळं बदललंत, मग हा आवाजच का ठेवलात? गल्लीभर शोभा होते आमची."

मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "वहिनी, इंजिनाखालचं एक रबर बदललं की झालं. पाच मिनिटांचं काम. दरवेळी विचारतो, पण साहेबच नको म्हणतात."

"का?"

 

"म्हणतात, राहू दे. घरच्यांना आवरायला तेवढाच वेळ मिळतो."