कशेडीची रेघ

कशेडी घाटाच्या पायथ्याला इनायतचं पंक्चरचं दुकान. दिवसात सिमेंटच्या किती ट्रकांचे टायर उघडले, ते तो वहीत लिहायचा. त्याची मुलगी, नबीला, मुंबईत शेअर दलालाच्या ऑफिसात कामाला. तिने वहीतले सहा वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये भरले आणि प्रोग्रॅम लिहून सिमेंटच्या शेअरच्या आलेखावर अब्बांची रेघ काढली. दोन्ही रेघा घाटातल्या दोन ट्रकांसारख्या जोडीने चढल्या, जोडीने उतरल्या. ईद सोडता अब्बांची रेघ एकदाच तुटली होती.

तिने फोन केला. "अब्बा, दोन हजार एकच्या सोळा जुलैला दुकान बंद होतं?"

"तुला कॉलेजात घालाया मुंबईस आलेलो नाय का गो?"

ऑफिसातले साहेब तिच्या मागून म्हणाले, "ती फट सरासरीने भरून टाक. एका ओळीचं काम."

"नको सर. एवढ्या आलेखात तेवढीच जागा माझी आहे."