करवल्याचा मान

सूरज प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून बसला होता, आणि मांडवातला जो तो येता-जाता त्याच्या गालाला आणखी एक बोट हळद फासून जात होता. पंधरा वर्षांचा करवला. कपाळापासून गळ्यापर्यंत असा पिवळाजर्द, की मधमाशी फसून नाकावर उतरावी. डीजे तर असा, की उत्तनजवळच्या तारोडी गावात बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबीलही ठेक्यावर शेपट्या मारू लागले होते. साऱ्या गावात हलत नव्हता तो हा एकटाच.

आशा जेवणाचं ताट घेऊन आली. नवरदेव अल्पेश तिच्या भावाचा मुलगा. आत्या म्हणून सकाळपासून तिचे हात हळदीच्या टोपात. आपला पोरगा करवला होऊन नवरदेवाच्या शेजारी बसलाय, एवढ्यावर ती खूश होती.

"सूरज, ए, दोन घास खा ना."

"झोपू दे त्याला," मागून लवू म्हणाला. तिचा थोरला भाऊ, नवऱ्या मुलाचा बाप. "मान घेतलाय त्यानं."

"कसला मान, दादा?"

"देवापुढच्या बाटलीचा. पहिली धार देवाला, मग नवऱ्याला, मग करवल्याला. मी मामा, मी न्हाय देणार तर कोण देणार? पोरं म्हणाली, हा वास घेऊनच पळेल. यानं अख्खी क्वार्टर उभ्या उभ्या खाली केली. पानीबी न्हाय घातला!"

"पंधरा वर्षांचा आहे तो!"

"मी सात वर्षांचा होतो."

झालं. लवूची थाप ओहोटीला सोडली, तर भरतीला दुप्पट होऊन परत यायची. सातव्या वर्षी बापाच्या होडीत त्यानं बाटली तोंडाला लावली होती म्हणे. वादळात वल्हं मोडलं, तर याच्या नुसत्या उचकीवर होडी किनाऱ्याला लागली, आणि वासानं पाठलागावरचे मुशी मासे पाण्यात उताणे पडले.

बाया खिदळल्या. "मी मेलो का?" लवूनं छाती ठोकली.

आशाचं लक्ष नव्हतं. तिनं पोराचा हात धरला होता. मे महिन्याच्या दुपारी तो हात बर्फातून काढलेल्या पापलेटासारखा गार होता. तिनं त्याच्या नाकापाशी बोट नेलं. श्वास आला. मग इतका वेळ आला नाही, की तिचाच कोंडला.

तिनं पदर घेतला आणि खसाखसा त्याचं तोंड पुसलं. हळदीखालून ओठ निघाले, ते जांभळे.

"मेल्यांनो! थरावर थर चढवत होता, पोराचा रंग कोणी बघितला का?"

लवू आता चपापला. कुणीतरी दिलेला लिंबूपाण्याचा ग्लास त्यानं सूरजच्या दातांना लावला. आशानं असा फटका मारला, की ग्लास डीजेच्या भोंग्यापर्यंत गेला.

"शुद्धीत नाही तो! छातीत जाईल पाणी. रिक्षा बोलवा!"

"आगं, उतरंल तासाभरात. हळदीला बसलेला करवला मधेच उठवायचा न्हाय. अपशकुन हाय."

"उठत नाहीये तो, दादा. मी उचलतेय."

नाक्यावरचा रिक्षावाला पोराकडे बघून कचरला. "भाभी, पियेला है क्या? सीट पे उलटी किया तो?"

"मेरी साडी पे करेगा. तू चल!"

तिनं त्याला मांडीवर कुशीला वळवून घेतलं. उत्तन ते भाईंदर रस्त्यात असे खड्डे, की भरतीला त्यांत होड्या लागाव्यात. एरवी ती त्यांना शिव्या घालायची. पण प्रत्येक खड्ड्याला पोरगा जरासा कण्हत होता. राई गेली, मुर्धा गेलं. पुढे गुळगुळीत सिमेंटचा पट्टा लागला, तशी ती रडायला लागली.

हॉस्पिटलात डॉक्टर शिवांगीनं विचारपूस केली तोवर मागोमाग लवूही येऊन पोचला होता, हळदीच्या सदऱ्यानिशी.

"मॅडम, जास्त न्हाय. मानाची होती."

"पोटात गेल्यावर मानाची काय आणि गुत्त्यावरची काय," ती सलाइन लावता लावता म्हणाली. "याची साखर तळाला गेलीये. श्वास मंदावलाय. मोठ्या माणसाचाही मेंदू अशा वेळी श्वास घ्यायचं विसरतो. हे तर वाढीचं पोर आहे, उपाशी आणि चाळीस किलोचं. झोपू दिलं असतंत, तर झोपेतच गेला असता. मेंदूला काही झालंय का, ते आत्ता नाही सांगता येणार. जागा होऊन आईला ओळखू दे."

लवू भिंतीला टेकून खाली बसला. आशा स्टुलावर.

दिवेलागणीला सूरजच्या पापण्या हलल्या. ऑक्सिजनच्या मास्कमधून घोगरा आवाज आला, "आई... डीजे का बंद केला?"

आशानं त्याचं कपाळ आपल्या गालाशी धरलं. तेवढ्यात लवू उठला. डोळे पुसले आणि मांडीवर थाप मारली.

"वाघ हाय माझा भाचा! शेवटी पचवली का न्हाय? मामाचा रक्त हाय!"

मास्कच्या आत पोराचे ओठ ताणले गेले. तो मामाकडे बघून हसत होता. अभिमानानं.

आशानं ते हसू बघितलं. ती उठली, लवूच्या छातीवर तळवा ठेवला आणि त्याला ढकलत ढकलत वॉर्डाच्या दाराबाहेर नेलं.

"जा लवू, तुझ्या मांडवात जा. उद्या याच्या लग्नाच्या मांडवात येऊ नको. मामाच्या जागी मी नुसता लाकडी खांब उभा करीन."