चाचणीची उडी

वरचा पार्किंगचा तळ भरला होता. डॅरिनने दोन चकरा मारल्या आणि चडफडत गाडी खाली, रस्त्याकडेच्या तळावर आणून लावली. तिथून ऑलिंपिक पार्कची बस वर नेत होती. शनिवार, त्यात उन्हाळ्याची सुट्टी. सगळं सॉल्ट लेक शहर इथंच लोटल्यासारखं वाटत होतं. डॅरिनने मुलीच्या लांबलचक स्की खांद्यावर घेतल्या. त्याची थोरली बहीण लोरेल हेल्मेट घेऊन मागोमाग निघाली. बारा वर्षांची ब्रिन सगळ्यांत मागे.

बस चालवणाऱ्या म्हाताऱ्याने डॅरिनला आरशात निरखलं.

"तू इथल्या ऑलिंपिकला स्कीवरची उडी मारली होतीस ना? म्युझियममध्ये फोटो आहे तुझा."

"मारली होती. एकेचाळिसावा आलो," डॅरिन हसला. हे वाक्य तो नेहमी असंच, मान जराशी झुकवून म्हणायचा. लोकांना ते फार आवडायचं.

"अरे, ऑलिंपिक म्हणजे ऑलिंपिक! आणि या बाई?"

"ही माझी ताई. मला हिनेच शिकवलं. त्या दिवशी माझ्या आधी हीच उडाली, उडीचा उतार ठीक आहे का ते बघायला."

"मग स्पर्धेत?"

"स्पर्धा पुरुषांची होती," लोरेल म्हणाली. "बायकांनी आधी उडून बघायचं. आम्ही जगलो तर पुरुषांना सोडायचे."

बसमधली माणसं हसली. डॅरिनही हसला.

त्या दिवशी तिची उडी त्याच्यापेक्षा पुढे पडली होती. चाचणीची उडी कोणी मोजत नाही. पण कोण कुठे टेकलं ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलले नव्हते.

वर जत्रा होती. एरवी बर्फावरून घसरणारी बॉबस्लेड गाडी आता चाकं लावून, किंचाळ्यांसकट वळणावरून खाली येत होती. तलावात पोरं स्कीसकट कोलांट्या मारत होती. म्युझियमच्या दाराशी एका कुटुंबाने डॅरिनला ओळखलं आणि फोटोसाठी मध्ये उभं केलं. कुटुंबातल्या बापाने लोरेलच्या हातात फोन दिला. "जरा काढता का?" तिने काढला. फोटोत डॅरिनचं डोकं कपाळापासून वर कापलं गेलं होतं. परत काढू का, असं तिने विचारलं नाही.

ब्रिन आज मोठ्या उतारावरून पहिल्यांदाच उडणार होती. उन्हाळ्यात बर्फाच्या जागी हिरव्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यावर पाण्याचे फवारे. आता मुलींची टीम होती, मुलींना ऑलिंपिक होतं. ब्रिनच्या अंगावर बेतून शिवलेला निळा सूट होता. डॅरिनचा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे त्याच्याकडून स्की घेऊन तिला वर पोचवायला लोरेलच गेली.

उघड्या खुर्चीचा रोपवे दोघींना घेऊन हळूहळू चढू लागला.

"आत्या, बाबांना सांगशील? मला नाही मारायची उडी."

"भीती वाटते?"

"नाही गं. आवडतच नाही. वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं. मी नीट उतरले की बाबांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग मला नाही म्हणता येत नाही."

लोरेलचं डोकं सणकलं. "तुला काही कल्पना आहे, या एका जागेसाठी..."

"आहे. दर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ऐकते मी." ब्रिनने तिच्याकडे पाहिलं. "मग तूच मार ना, आत्या. मघापासून स्की सोडल्या नाहीस तू."

लोरेलने खाली पाहिलं. तिची बोटं स्कीवर आवळलेली होती.

ती दोन शब्द बोलली असती तर पोरगी उडाली असती. माणसाला उताराच्या कड्यावरून कसं सोडायचं ते लोरेलला येत होतं. भावाला तिनेच सोडलं होतं. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, नकोच उडायला हिने. त्याच्या घरात आणखी एक फोटो नको. कुठला विचार मुलीसाठी आणि कुठला स्वतःसाठी, ते तिला वेगळं करता येईना.

वरचं टोक आलं. ब्रिन उतरायला पुढे सरकली.

"बस खाली," लोरेल म्हणाली. "याच खुर्चीतून परत जाऊ." तिने वरच्या माणसाला हाताने खूण केली. खुर्ची मोठ्या चाकाला वळसा घालून खाली निघाली.

डॅरिन कुंपणाशी लंगडत आला. "काय झालं? वारा आहे का वर?"

वारा आहे, असं म्हणणं सोपं होतं.

"वारा नाही. हिला उडायचं नाही. कधीच नव्हतं."

ब्रिनने हेल्मेट काढलं, वडिलांकडे एकदा पाहिलं आणि कोलांट्या मारणाऱ्या पोरांच्या तलावाकडे चालू लागली. चार पावलं गेल्यावर ती पळायलाच लागली.

"काय भरवलंस तिच्या डोक्यात?" डॅरिनचा आवाज चढला. "तुला माझं कधी बघवलं नाही ताई. आता माझ्या पोरीचंही बघवत नाही."

"नाहीच बघवत," लोरेल म्हणाली. "जळते मी. तुझ्यावर जळले, आता तिच्यावर जळते. तिच्या जागी मी असते तर हाडं मोडेपर्यंत उडाले असते. म्हणून सांगते. हवं असलं की माणूस कसा दिसतो ते मला कळतं. तिला नकोय हे."

तेवढ्यात वरून शिट्टी आली. कुणाची तरी मुलगी उतारावरून सुटली आणि कड्यावरून हवेत झेपावली.

कुंपणाशी उभ्या दोघांचे गुडघे तिच्याबरोबर एकदमच वाकले. छात्या पुढे झुकल्या, हात मागे गेले, श्वास थांबले. शेजारच्या बाईने आपल्या पोराला जरा बाजूला ओढून घेतलं.