जुम्म्याचं बोलणं

फरहानं बटन दाबलं. कम्प्युटर मुका. पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. ना पंखा घुरघुरला, ना हिरवा दिवा लागला.

"आला का आवाज?" बाहेरून, बाजेवरून अब्बांनी विचारलं.

"दम धरा अब्बा. मशीन रुसली."

फरहाचे अब्बा जमशेद जुम्म्याची नमाज पढून आले होते. साखरेनं डोळे नेले तेव्हापासून लेकाचा आवाजच त्यांचा उजेड. दिल कमजोर, गोळी उपाशी पोटी चालत नाही. आणि इमरानचा आवाज कानी पडल्याशिवाय शुक्रवारचा घास गळ्याखाली उतरत नाही.

कम्प्युटर इमराननंच जोडलेला. अकोल्याहून एकेक पार्ट आणायचा आणि याच खोलीत, बहिणीला टॉर्च धरायला लावून बसवायचा. मग तो सौदीला गेला.

शेजारचा मुन्ना दुकानातून दुसरी वायर घेऊन आला. तीही लावून पाहिली. काही नाही.

"कायले या डबड्याच्या मागं लागली? मोबाईलवर लाव ना त्याले. शेख झाला का तुहा भाऊ? माह्यासारख्या शेलूबाजारच्या दोस्ताले ओळखबी देत नाही."

"कामावर असते तो. याच्यावरच जमते," फरहा त्याच्याकडं न बघता म्हणाली.

मुन्ना गेला. कुलसुम दाराला टेकून उभी होती. आवाज खाली करून तिनं विचारलं, "होईन ना बेटा?"

"पाहून राह्यली ना मी, अम्मी."

"आज नाही झालं तर तुह्या अब्बायले काय सांगू?"

फरहानं पेचकस उचलला. तिनं कम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं. पॉवर सप्लाय सुटा केला, हिरवी तार काळीला जोडली. पंखा गरगरला. म्हणजे सप्लाय जिवंत होता. रॅम काढली, खोडरबरानं घासली, जागेवर बसवली. तरी मुकाच. ओढणीनं कपाळ पुसलं तर कपाळालाच धूळ लागली.

बाहेर जमशेद स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. "मागच्या जुम्म्याले मी त्याले म्हटलं, आता सावलीबी दिसत नाही रे. तर म्हणते कसा, बढिया झालं अब्बा!" ते हसले.

"लाईनच तशी आहे. इकडचं तिकडं उशिरा पोचते," फरहा घाईघाईनं म्हणाली.

"हो ना. लय दूर गेला तो."

कुलसुमनं मान वळवली. चुलीवरचं सालन करपून चाललं होतं, ते उतरवायला गेली नाही.

फरहाची बोटं बटनाकडून येणाऱ्या बारीक तारेवर फिरली आणि थांबली. तार तुटलेली. तिनं दोन्ही टोकं दातांनी सोलली, पीळ दिला, वरून टेप गुंडाळली. बिस्मिल्ला म्हणून बटन दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा उजळला. कुलसुमनं ओढणी तोंडात कोंबली.

"अब्बा, झालं चालू!" फरहाचा श्वास आत्ता कुठं सुटला. "उंदरानं तार तोडली होती. या, स्पीकरपाशी बसा."

जमशेद भिंत चाचपत आत आले. खुर्चीवर बसले नाहीत. हात हवेत फिरवत त्यांनी लेकीचं डोकं शोधलं, त्यावर तळवा ठेवला.

"उंदरानं नाही बेटा, म्या चाचपून तोडली," ते म्हणाले. "मातीत गेलेल्या पोराले अजून किती जुम्मे रेकॉर्डिंगमधून बोलत ठेवसान? निजू द्या आता त्याले."